खुनी श्रेयनामावलीत असतो

आमच्याकडे चित्रपट बघायला लागतो त्याहून जास्त वेळ तो ठरवायला लागतो. कथा कशी आहे, दिग्दर्शक कोण आहे, इथपर्यंत चर्चा पोचतच नाही. गाडी अडते ती चेहऱ्यांवर. मी रिमोटने एकेक पोस्टर पुढे सरकवतो आणि सोफ्यावरून निकाल येत राहतात. "हा नको. बायकोला छळणारा मेला." कुठल्या बायकोला, खऱ्या की मालिकेतल्या, हे विचारायची सोय नाही. आईच्या दप्तरी अशी वेगवेगळी खाती नाहीत.

मध्यंतरी एका चित्रपटात एक नट हृदयरोगतज्ज्ञ झाला होता. भला माणूस. रात्र रात्र जागून एका गरीब मुलीचा जीव वाचवत होता, फीसुद्धा घेत नव्हता. पण कधीकाळी एका मालिकेत त्याने सासऱ्याच्या दुधात काहीतरी कालवलं होतं. त्याने इंजेक्शन भरायला घेतलं तशी आई चष्मा सारखा करून पुढे वाकली. हवा काढायला त्याने सुईतून दोन थेंब उडवले, तर म्हणते, "बघितलंस? कमी केलं औषध." मुलगी बरी होऊन घरी गेली, नावं वर सरकायला लागली, तरी आईचा संशय फिटला नव्हता. "आत्ता बरी दिसतेय," एवढंच म्हणाली.

पण आईच्या पिढीला तरी दोष कसा द्यायचा? १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि लोक अरुण गोविलांच्या पाया पडू लागले. एकदा राम झालेल्या माणसाने पुढे करायचं काय? चोर व्हायची सोय नाही, नायिकेमागे झाडाभोवती पळायची नाही. नोकरी कायम, बढती मात्र शून्य. मला त्याच्या पुढचं रामायण जास्त आवडतं. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून. राज्य एक, पक्षही एकच. अरुण गोविल निवडून आले ते २०२४ साली, मेरठमधून, त्याच पक्षातर्फे. वनवास चौदाच वर्षांचा होता; रावणामागून लोकसभेत पोचायला रामाला तेहतीस वर्षं लागली.

खलनायकांचे हाल तर विचारू नका. प्राण ऐन भरात असताना लोकांनी मुलांची नावं प्राण ठेवायचं सोडलं, असं सांगतात. १९६७ च्या 'उपकार'मध्ये ते कुबडी घेतलेला, मनाचा सच्चा मलंगचाचा झाले तेव्हा कुठे प्रेक्षकांनी थोडं नरमाईनं घेतलं. आपले निळू फुले बघा. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात बागकाम केलेला, सेवादलात वाढलेला, अतिशय सभ्य माणूस. पण पडद्यावर नुसती एक भुवई वर गेली की थिएटरातल्या बायका पदर सावरायच्या. आमची आत्या तर त्यांचं नाव निघालं की आजही खिडकीकडे बघते.

आणि ललिता पवार! १९४२ मध्ये एका चित्रीकरणात थप्पड वाजवीपेक्षा जोरात बसली, चेहरा काही काळ लुळा पडला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. पुढे तोच डोळा बघून दोन पिढ्यांच्या सुना थरथर कापल्या. 'अनाडी'मधली त्यांची मायाळू मिसेस डिसा लोकांना आवडली, त्या कामाला फिल्मफेअर मिळालं, सगळं खरं. पण मंथरा म्हटलं की दुसरं कोण सुचणार होतं? बाईंना दुखापत झाली आणि कपटी आपण ठरवलं. पडद्यावर केलेल्या पापाला आपल्याकडे माफी नाही. खऱ्या आयुष्यातल्या पापाला मिळते, पुढचा चित्रपट चालला की झालं.

हे सगळीकडचंच आहे. 'स्टार ट्रेक'मधल्या टोकदार कानांच्या स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने १९७५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, नाव ठेवलं 'मी स्पॉक नाही'. चाहते रुसले. वीस वर्षांनी त्याने दुसरं लिहिलं. त्याचं नाव, 'मी स्पॉक आहे'. लोकांपुढे शहाणपण चालत नाही. त्यापेक्षा जगदीश राज यांचं बरं. ते मुकाट्यानं १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी झाले आणि गिनीज बुकात जाऊन बसले. त्यांना साध्या कपड्यांत बघितलं की मला वाटायचं, साहेब वेषांतर करून आलेत.

माझा स्वतःचा आजार मात्र निराळा. रहस्यपट माझ्यासाठी श्रेयनामावलीतच संपतो. एखाद्या नामांकित नटाचं नाव दिसतं आणि पहिला तासभर तो नुसता कुंड्यांना पाणी घालतो, पोलिसांशी अदबीनं बोलतो, कुणी काही विचारलं की "मी काय सांगणार साहेब" म्हणतो. एवढं मानधन मोजून कुणी कुंड्या भिजवून घेत नाही. खून त्यानेच केलेला असतो. पूर्वी मी हे मोठ्यानं सांगायचो. बायकोनं बंदी घातली. आता मी गप्प बसतो, तर ती माझ्या गप्प बसण्यावरून खुनी ओळखते आणि वर माझ्यावरच चिडते.

तिची स्वतःची काळी यादी आहेच. ती पडद्याबाहेरच्या वागण्यावर चालते. एका नामवंत नटाने मुलाखतीत शेजारी बसलेल्या बायकोचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती "आमचं लग्न झालं तेव्हा..." म्हणाली की पुढचं लग्न हा लावून मोकळा. तेव्हापासून त्याचा कुठलाही प्रेमप्रसंग सुरू झाला की आमची ही श्वास रोखून बसते, आता नायिकेला मध्येच तोडणार म्हणून. मग त्याने मुक्याची भूमिका केली. सगळीकडे वाहवा झाली. "बरं झालं," ही म्हणाली, "बसू दे जरा गप्प." दोन तास तिने इतक्या समाधानानं चित्रपट बघितलेला मला आठवत नाही.

चिरंजीवांच्या डोक्यात फक्त जाहिराती. पडद्यावर बाप शेवटचे श्वास मोजतोय, मुलगा त्याचा हात धरून रडतोय, आई डोळे पुसतेय, आणि हा विचारतो, "बाबा, यांनी हप्ते भरलेत ना?" कारण तो नट विम्याच्या जाहिरातीत असतो.

शेवटी मीच तोडगा काढला. कोरियन चित्रपट लावायचे. ओळखीचा एक चेहरा नाही, कुणाची मुलाखत बघितलेली नाही, कोण काय विकतो माहीत नाही. पहिल्या रात्री कमालच झाली. सगळे मन लावून बघत होते. खुनी कोण, हे मला अगदी शेवटपर्यंत कळलं नाही, त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना तीच कथा सांगितली. आईनं तर मराठीत बोलत नसल्याबद्दलही तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा लावला. छोटंसं गाव, शाळा, पावसात भिजत घरी निघालेली मुलं. एक मध्यमवयीन मास्तर छत्री घेऊन धावत आला आणि त्यातल्या सगळ्यात लहान मुलीच्या डोक्यावर त्याने ती धरली. मला गलबलून आलं. शेजारी हालचाल झाली. आई सरसावून बसली होती.

"अरे, हा तोच ना रे? गेल्या वेळी भावाला विहिरीत ढकललेला?"

"अगं आई, तो वेगळा चित्रपट होता."

"असेल. पण माणूस तोच आहे की!" आणि मग पडद्याकडे बघून, "पोरी, पळ गं!"