पोराच्या लग्नासाठी ठेवलेली व्हिस्की

‘जुनं ते सोनं’ अशा मथळ्याचा एक मेसेज दर थर्टीफर्स्टच्या आसपास मित्रांच्या ग्रुपांवर उगवतो. त्याचं म्हणणं असं: सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) जितकी जुनी तितकी भारी. रंग जितका गडद तितकी ती जुनी. ती ‘नीट’च प्यायची, थेंबभर पाणी घातलं की वाया गेली. आणि तळाला सल्ला: बाटली कपाटात ठेवा, पोराच्या लग्नापर्यंत आणखी मुरेल.

तळापासूनच सुरू करतो, ते सोपं आहे. लोणचं बरणीत मुरतं. व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात. काचेत भरली की तिचं वय थांबलं. 12 वर्षांची सीलबंद बाटली वीस वर्षांनी उघडा, ती 12 वर्षांचीच. उघडून अर्धी झालेली तर हवेने हळूहळू मवाळ, बेचव होत जाते.

रंगाचंही तसंच. स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल घालून रंग सारखा करायला कायद्याची परवानगी आहे. जर्मनीत विकताना ते लेबलवर लिहावं लागतं. कॅरॅमल नसलं तरी रंग पिंपावर ठरतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली 10 वर्षांची व्हिस्की तांबूस-तपकिरी दिसेल, आणि बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या, दोनतीनदा वापरून झालेल्या पिंपातली 25 वर्षांची गवतासारखी फिकी.

आता वय. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, आणि तो फक्त पिंपातला मुक्काम सांगतो. मुक्कामात लाकूड व्हॅनिला देतं, कच्चेपणा काढून घेतं. पण फार काळ गेला तर सगळ्यावर लाकूडच बसतं आणि जीभ कोरडी पडते. स्कॉटलंडच्या आयला बेटावर जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवतात; तो धूर तर वर्षांगणिक ओसरतो. टिंक्चर आयोडीनची आठवण करून देणारा तो धूर मला हवा असतो, म्हणून मी तिथल्याच लाफ्रोएग किंवा आर्डबेगची 10 वर्षांचीच घेईन. जुनी महाग असते याचं मोठं कारण म्हणजे ती उरतेच कमी. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हे प्रमाण कित्येक पट. वर्षाला 8 टक्के धरले तर 18 वर्षांत पाऊण पिंपाहून जास्त हवेत! गोव्यातच कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉन या सिंगल माल्टच्या ब्रिलियन्स, एडिटेड, बोल्ड या बाटल्यांवर वयाचा आकडाच नाही, आणि चवीचं त्यावाचून काही अडत नाही.

राहिलं पाणी. गेल्या डिसेंबरात हाच मेसेज टाकणाऱ्या मित्राने विमानतळावरून 18 वर्षांची, 46 टक्के अल्कोहोलची बाटली आणली. मी तळाशी फुगीर, वर निमुळते असे दोन ग्लास घेतले आणि प्रत्येकात 30 मिली ओतली. एकात चहाच्या चमच्याने चमचाभर साधं पाणी घातलं, दुसरा कोरा ठेवला. कोऱ्या ग्लासात नाक घातल्यावर आधी स्पिरिटची झिणझिणी. (तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, जरा सुसह्य होतं.) पाण्याच्या ग्लासात पाच मिनिटांनी मनुका आल्या, मग संत्र्याची साल, आणि मागे आजीच्या सागवानी कपाटाचा बंद वास. मित्र गप्प होता. थोड्या वेळाने त्याने न बोलता ग्लास बदलून घेतला.

यात जादू नाही. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की अल्कोहोलचं प्रमाण कमी असताना धुरकट चवीचा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे येतो आणि प्रमाण फार चढलं की आत ओढला जातो. स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कीची मिश्रणं जुळवणारे जाणकार, तर नमुने हुंगताना पाणी घालून अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास उतरवतात. तेव्हा ‘नीट’ पिणं म्हणजेच नीट पिणं, असं काही नाही. बर्फ मात्र मीही टाळतो, गारठ्याने वास दबतो. आणि मसाला शेंगदाणे पहिला ग्लास संपेपर्यंत लांब ठेवा, ही विनंती.

रात्री निघताना मित्राने उरलेली अर्धी बाटली बूच घट्ट लावून पिशवीत घातली, कपाटात ठेवायला. पोरगं आत्ता सातवीत आहे.