सरीना बोल्डनची पेनल्टी बालेवाडीत लागली, त्याआधी कागद लागले होते

३० जानेवारी २०२२. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, महिला आशिया चषकाची उपांत्यपूर्व फेरी. फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) १-१ वर अडकले आणि सामना शूटआउटमध्ये गेला. ऑलिव्हिया मॅकडॅनियलने गोलकीपर म्हणून दोन किक अडवल्या, वर स्वतःची किकही जाळ्यात मारली. निर्णायक किक घ्यायला आली सरीना बोल्डन. ४-३. फिलिपिन्स पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पोचलं, तेही आपल्या पुण्यातून. त्याच आठवड्यात कोरोनामुळे भारताचा संघ स्पर्धेतून बाद झाला होता, त्यामुळे या किककडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बोल्डन फिलिपिनो वंशाची, पण जन्म १९९६ चा, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथला. कॉलेज फुटबॉल लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात. पुढे क्लबसाठी तैवान, जपान, ऑस्ट्रेलिया अशी वणवण. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागेसाठी केवढी रांग असते ते सांगायला नको. म्हणून तिच्यासारख्यांना लोक सरळ ‘भाड्याच्या खेळाडू’ म्हणून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. फिलिपिन्सने या मुली विकत घेतल्या नाहीत, शोधल्या. आणि शोधता आल्या, कारण कायदा त्यांच्या बाजूने होता.

फिलिपिन्सच्या घटनेनुसार मुलाच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील फिलिपिनो नागरिक असतील, तर मूल जन्मतः नागरिक, मग जन्म कुठेही होवो. वकिलातीत जन्माची नोंद करायची, पालकांच्या तेव्हाच्या नागरिकत्वाचा पुरावा जोडायचा, पासपोर्ट काढायचा. अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागत नाही. नागरिकत्व जन्मजात असल्यामुळे फिफाही ‘तिथे किती वर्षं राहिलात’ असं विचारत नाही.

घोळ होतो तो तारखांचा. मुलीच्या जन्माआधीच आईवडील दोघंही अमेरिकन नागरिक झाले असतील, तर जन्मजात हक्क गेला. मग २००३ च्या कायद्याखाली पालकाने आपलं नागरिकत्व परत मिळवायचं, आणि त्याचा लाभ फक्त १८ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना. म्हणजे मुलगी १७ ची असताना फोन केला तर काम होतं, १९ ची झाल्यावर केला तर हा दरवाजा बंद. दुसरा घोळ फिफाच्या दारात. आधी दुसऱ्या देशाकडून अधिकृत सामना खेळलेली असेल, तर त्या सामन्याच्या वेळी नव्या देशाचं नागरिकत्व सहसा हातात असायला हवं. सीनियर संघाचे सामने असतील तर ते तीनपेक्षा जास्त नकोत, सगळे वयाच्या २१ आधीचे हवेत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत, आणि वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना झालेला नको. एक कागद उशिरा निघाला म्हणून करिअरची दिशा बदलते ती अशी.

कागद झाले म्हणून संघ होत नाही, हेही खरं. पुण्याला येण्याआधी प्रशिक्षक अॅलन स्टाइचिच यांनी कॅलिफोर्नियातच, अर्व्हाइनला, लांबलचक कॅम्प घेतला. बहुतेक मुली अमेरिकेत, तर कॅम्पही अमेरिकेत. किती साधा विचार! वेगवेगळ्या कॉलेजांत आणि लीगमध्ये घडलेल्या खेळाडूंना बचावाची एकच ओळ कधी वर सरकायची आणि कधी मागे यायची हे अंगवळणी पडायला आठवडे लागतात, राष्ट्रीय संघाला क्लबकडून मिळणाऱ्या चार दिवसांच्या विंडोमध्ये ते होत नाही. त्यात बोल्डनचं काम सगळ्यात एकाकी. संघ खोल बचाव करतो, ही पुढे एकटी. लांब आलेला बॉल पाठीवर डिफेंडर घेऊन धरून ठेवायचा, फाउल मिळवायचा, बाकीच्यांना वर यायला श्वासभर वेळ द्यायचा. गोलची संधी सामन्यात एखादीच.

ती एक संधी २५ जुलै २०२३ ला वेलिंग्टनमध्ये आली. समोर यजमान न्यूझीलंड. २४ व्या मिनिटाला सेट पीसवरून (थांबलेल्या बॉलवरच्या किकवरून) बाहेर आलेला बॉल सारा एगेसविकने परत बॉक्समध्ये उचलला, बोल्डन उडाली, हेडर गोलकीपरच्या हातांना लागून आत. फिलिपिन्सचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल आणि पहिला विजय. हा पराभव न्यूझीलंडला गटातूनच बाहेर काढून गेला. क्रॉस देणारी एगेसविकसुद्धा नॉर्वेत वाढलेली. पुढच्याच सामन्यात नॉर्वेने ०-६ ने धुतलं, हेही लिहायला हवं. वर्ल्ड कपच्या स्तरावरचं अंतर दोन वर्षांत भरत नाही.

स्थानिक मुलींच्या जागा जातात, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. वर्ल्ड कप संघातल्या २३ पैकी बहुसंख्य मुली अमेरिकेत जन्मलेल्या असतील तर मनिलातल्या १५ वर्षांच्या मुलीने काय समजायचं? त्याचं उत्तर देशातली लीग भक्कम करणं हे आहे, बोल्डनला घरी बसवणं हे नाही.

आणि ‘मग भारताने का नाही?’ असं विचारणाऱ्यांसाठी. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि २००८ पासून भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. ओसीआय असलेल्या सज्ञान व्यक्तीला नागरिकत्व हवं, तर कार्डाला पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधी १२ महिने भारतात वास्तव्य हवं, आणि परदेशी पासपोर्ट सोडायचा. फुटबॉलपटू रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, पण तो २०२३ पासून बेंगळुरू एफसीकडून इथेच खेळत होता. पगार चालू, वास्तव्य आपोआप पूर्ण. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातल्या २० वर्षांच्या फॉरवर्डला हेच करायचं तर कॉलेजची स्कॉलरशिप आणि एक अख्खा सीझन सोडून इथे वर्षभर राहावं लागेल, आणि त्या वर्षभरात तिला पुरेसे सामने देईल एवढी लांब आपली महिला लीग अजून नाही.