तो काही करत नाही हो!

कुत्र्याला घेऊन प्रवासाला निघताय ना? मग बॅग भरण्याआधी आरशासमोर उभं राहून एक वाक्य घोटून पाठ करा: "घाबरू नका, तो काही करत नाही!" पट्टा, पाण्याचं भांडं, लसीकरणाचं कार्ड, सगळं घरी राहिलं तरी चालेल, हे वाक्य मात्र जिभेवर हवं. म्हणताना चेहरा प्रसन्न ठेवायचा आणि समोरच्याची पोटरी ब्रुनोच्या तोंडात नेमकी किती गेली आहे, तिकडे बघायचं नाही.

दुसरी तयारी मनाची. ब्रुनो आपला कोण, हे प्रसंग पाहून बदलता आलं पाहिजे. "याला सोफ्यावर बसवू नका" असं कोणी म्हणालं की तो आपलं लेकरू. सोफा फाडला की मुकं जनावर, त्याला बिचाऱ्याला काय कळतं! हा पालट डोळ्याचं पातं लवायच्या आत जमायला हवा. मधेच अडखळलात, तर कोणीतरी हातात बिल ठेवतं.

गाडीत त्याची जागा अर्थातच तुमच्या मांडीवर, स्टिअरिंग आणि पोट यांच्या मधे. सीटबेल्टला अडकवायचे हार्नेस मिळतात, गाडीत घट्ट बसवायचे पिंजरे मिळतात. पण लेकराला कोणी बांधून ठेवतं का? (लेकरांनाही बांधतात, त्यासाठी वेगळी सीट असते, पण तो विषय आत्ता नको.) ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी खांबावर आदळली, तर गाडी थांबते, ब्रुनो थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. तो वेग किती, तर जवळपास 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर आपटते तेवढा. वाटेत काच येते, डॅशबोर्ड येतो, नाहीतर पुढच्या सीटवरच्या माणसाची मान. मांडीवर असेल, तर एअरबॅग आणि तुम्ही यांच्यामधली उशी तोच. असो, सुट्टीत गणितं कोण करतं?

खिडकीतून डोकं बाहेर काढू द्या. कान फडफडतात, फोटो झकास येतो. डोळ्यात खडा गेला, तर तो सांगायला थोडाच येणार आहे.

मग जेवायला थांबाल. तेव्हा ब्रुनोला गाडीत ठेवून काच बोटभर खाली करा आणि "पाच मिनिटांत आलोच" म्हणून निघा. या पाच मिनिटांची लांबी कोणत्याही घड्याळात मोजता येत नाही, कारण त्यात मेनू वाचणं येतं, वेटरची वाट बघणं येतं आणि शेवटी कोणी पैसे द्यायचे यावरून होणारी झटापटही येते. बाहेर 30 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण 40 अंश होतात आणि अर्ध्या तासात पन्नाशी जवळ येते. बोटभर उघड्या काचेने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. माणूस अंगभर घामाने निवतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. भोवतीची हवाच तापली की धापाही कामाच्या राहत नाहीत. त्याच्या अंगाचं तापमान एरवी 38 ते 39 अंश असतं, 41 च्या पुढे उष्माघात. तुम्ही मात्र निवांत जेवा; काच कोणी फोडलीच, तर त्याच्याशी कडाडून भांडा. गाडी तुमची, काच तुमची. आतला तेवढा मुका.

विमानाचं थोडक्यात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास घ्यायला त्रास, त्यामुळे अनेक विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कक्षात घेत नाहीत. तुम्ही "आमचा तसा नाही" म्हणून वाद घाला. झोपेची गोळीही आपल्याच मनाने द्या. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडतो म्हणून पशुवैद्य नको म्हणतात, पण त्यांना कुठे त्याच्या शेजारी बसायचंय?

मायक्रोचिप बसवली असेल तर पट्ट्यावर नाव-नंबर कशाला? चिप म्हणजे जणू आकाशातून नजर ठेवणारा उपग्रहच! प्रत्यक्षात त्यात असतो फक्त एक क्रमांक, बहुधा 15 अंकी. कोणी स्कॅनर लावला, तो क्रमांक नोंदणीत शोधला, तर तुमचा फोन नंबर सापडतो. तुम्ही दोन सिमकार्डांपूर्वी टाकून दिलेला.

आता मुख्य प्रसंग. ब्रुनो चावतो. (या प्रसंगाचा मला पोटरीच्या बाजूने अनुभव आहे, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.) पहिली पायरी, "खेळतोय तो!" दुसरी, "तुम्ही घाबरलात, त्याला भीतीचा वास येतो." म्हणजे गुन्हा पोटरीचा. तिसरी पायरी, "अहो, लाळच आहे, पुसून टाका." जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची असते आणि लगेच डॉक्टरकडे जायचं असतं, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, पण हे सांगितलं तर लोक उगाच कार्ड मागतात. आणि कार्ड घरी, कपाटात, पासपोर्टाशेजारी सुरक्षित!

एक चूक मात्र टाळा. "नवल आहे, एरवी तो फक्त हेल्मेटवाल्यांच्याच अंगावर जातो," असं भोळेपणाने बोलू नका. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात, कुत्र्याची खोड मालकाला ठाऊक होती का, याला फार महत्त्व होतं. लोक त्याला 'पहिला चावा माफ' म्हणू लागले. तुम्ही आत्ताच पहिले चार मोजून दाखवलेत. जर्मनीत तर 1900 पासून लागू असलेली दिवाणी संहिता हौसेने पाळलेल्या जनावराच्या मालकाला चूक नसतानाही जबाबदार धरते, आणि तिथल्या काही राज्यांत कुत्र्यासाठी दायित्व विमाही सक्तीचा आहे. रोमन लोकांनी तर इसवी सनापूर्वी 450 च्या सुमारासच हिशोब मिटवला होता: जनावराने नुकसान केलं तर मालकाने भरपाई द्यावी, नाहीतर ते जनावरच त्या माणसाच्या हवाली करावं.

हा दुसरा पर्याय मी माझ्या पोटरीवर फडकं बांधता बांधता सुचवून पाहिला. समोरचे गृहस्थ भडकले. "अहो, लेकरू आहे ते माझं!" मग भरपाईचं काय, म्हटलं. "जनावर आहे हो, त्याला काय कळतं!" पाठांतर पक्कं होतं.

घरी पोचल्यावर फोटो टाकायला विसरू नका. 'लेकराची पहिली सहल' असं लिहा आणि उजव्या कोपऱ्यात पाय धरून बसलेला माणूस आहे, तेवढा कापून टाका.