मेव्हण्याचं विमान

लोकांचे मेव्हणे गावी येताना बाकरवडी आणतात. माझ्या मेव्हण्यानं विमान आणलं.

नवं नव्हे. सेसना १५२, दोन माणसांचं, पंख डोक्यावर असलेलं. हे मॉडेल १९७७ ते १९८५ एवढीच वर्षं बनलं, त्यामुळे त्यातलं अगदी शेंडेफळ म्हटलं तरी आज चाळिशीचं. मेव्हण्यानं ते तिघांत मिळून घेतलं, शहरात ठेवायचं भाडं परवडेना, आणि त्याला एकदम आठवलं की ताईच्या गावाबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जुनी धावपट्टी आहे, कडेला पत्र्याची शेड आहे आणि ताईच्या घरात एक निवृत्त माणूस रिकामा बसलेला आहे.

"भावोजी, तुम्ही काहीच करायचं नाही," तो म्हणाला. "येता-जाता नुसती नजर टाकायची."

मी पस्तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत टपालाची आवक-जावक पाहिली आहे. नजर टाकणं हा माझा पेशाच.

पहिल्या दिवशी विमान शेडबाहेर काढायचं होतं. रिकामं असताना त्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे एका तब्येतदार म्हशीइतकं. पण म्हशीला कुठंही हात लावून रेटता येतं. इथं मी शेपटीच्या आडव्या फळीला हात लावला तर मेव्हणा ओरडला, "तिथं नको!" पंखाच्या मागच्या धारेला लावला, "तिथं तर अजिबात नको!" शेवटी पुढं जाऊन पंख्याला खांदा देऊ लागलो तर तो धावतच आला. म्हणे त्या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर चालत नाही, आतल्या मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज करणाऱ्या यंत्रावर चालते. किल्ली बंद असली तरी एखादी वायर तुटलेली असेल, तर नुसता पंखा हातानं फिरवल्यावरही इंजिन सुरू होऊ शकतं. तेव्हापासून त्या पंख्यासमोरून जाताना मी शेजाऱ्यांच्या कुत्र्यासमोरून जातो तसा जातो, लांबून आणि नजर न मिळवता. ढकलायची अधिकृत जागा म्हणजे पंखाखालचे तिरके दांडे. वळवायचं तर शेपटीच्या बुडख्याशी पाठीवर भार द्यायचा, की नाकाचं चाक उचलतं आणि अख्खं विमान फुगडीसारखी गिरकी घेतं. ही गिरकी मला पहिल्या फटक्यात जमली. शेडचा खांब तेवढा मध्ये आला.

मग बांधणं. विमान बांधावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, जे उडतं त्याला बांधतात ते उडवायच्या आधी. मेव्हण्यानं समजावलं: हे धूड ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेग घेतलं की जमीन सोडतं. वेग विमानाचा की वाऱ्याचा, हे पंखाला कळत नाही. ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ धडकलं तेव्हा वारा ताशी शंभरच्या वर होता. म्हणजे मेव्हण्याचा हिशेब असा की तेव्हा हे विमान उघड्यावर असतं, तर वैमानिकाशिवायच दापोलीला गेलं असतं.

तर दोन पंखांना दोन आणि शेपटीला एक अशा तीन दोऱ्या, आणि जमिनीत तीन खुंट. जमीन! सड्यावर जमीन कुठली? चार बोटं माती, खाली जांभा. मी पहार घेऊन सकाळी सातला सुरुवात केली. दहा वाजता खड्डा वाटीएवढा झाला होता आणि पहार मात्र वाकली होती. तेवढ्यात तांडेलकाका आले. हे आमच्या गावचे जुने तांडेल, होडी मुलांकडे देऊन आता दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर देखरेख करतात.

"मेल्या, खुंट मारतस खंय? कातळ आसा तो!"

त्यांनी चिरेखाणीवरून माणूस बोलावला, मशीननं तीन भोकं पाडून घेतली, सिमेंटात कड्या बसवल्या. मग माझी सुती दोरी काढून फेकून दिली आणि स्वतःच्या होडीची नायलॉनची आणली. मी दोरी सतारीच्या तारेसारखी ताणली होती. त्यांनी ती बोटभर सैल सोडली. जिवंत वस्तू आवळून बांधू नये, वाऱ्यात तिला जरा हलायला जागा हवी, नाहीतर ती कडी उपटते नाहीतर स्वतःचा पंख मोडते. तोंड वाऱ्याकडे, म्हणजे पावसाळ्यात नैऋत्येकडे. मेव्हण्यानं रविवारी येऊन पुस्तक काढून ताडून पाहिलं. पुस्तकात जवळजवळ तेच होतं, फक्त मालवणीत नव्हतं.

"ह्यां काय, होडीच ती," तांडेलकाका म्हणाले. "फक्त पाणी नाय खाली."

पाणी नाही कसं? सगळा छळ पाण्याचाच. आमच्याकडचा वारा खारा. खिडकीचे गज पाच वर्षांत भुगा होतात, तिथं ॲल्युमिनियमचं काय! ते गंजत नाही अशी माझी शाळेपासून समजूत होती. गंजतं. तांबडं होत नाही एवढंच, पांढरी भुकटी धरतं. रंगाखालून तर गंजाच्या बारीक नागमोडी रेघा पळत जातात, हुबेहूब वाळवीच्या वाटा. म्हणून दर आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्यानं आंघोळ. अंगावर एक बारीक भोक आणि पंखाखाली एक नळी आहे, त्यांतून येणाऱ्या हवेवर उंची आणि वेगाचे काटे चालतात. आत पाणी जाऊ नये म्हणून धुताना भोकावर टेप लावायची आणि मग आठवणीनं काढायची. नळीला एरवीही लाल टोपी घालून ठेवायची, कारण कुंभारीण माशी. पडवीच्या वाशात मातीचं घर करते तीच. तिला ती नळी म्हणजे तयार फ्लॅट वाटतो.

टोपीला काय एवढं महत्त्व, असं मी एकदा हसत विचारलं. मेव्हणा हसला नाही. १९९६ या एकाच वर्षात दोन मोठी प्रवासी विमानं समुद्रात कोसळली. एकाच्या नळीत अशाच माशीनं घर केल्याचा संशय होता. दुसऱ्याच्या भोकांवर धुताना लावलेली टेप काढायची राहिली होती. त्या दिवशी मी घरी येऊन आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. टेपचा तुकडा लावला, एक. काढला, एक. टोपी घातली, एक. सही, तारीख. कचेरीत असताना माझ्या रजिस्टरवर एवढं काही अवलंबून असल्याचं आठवत नाही.

पेट्रोलचं प्रकरण मात्र मी रजिस्टरात लिहिलेलं नाही. विमानाचं पेट्रोल निळं असतं, निळीच्या शेवटच्या पाण्याइतकं फिकं निळं. २०२२ साली इंडियन ऑइलनं ते वडोदऱ्यात बनवायला घेतलं. आमच्याकडं ते पिंपातून येतं. दमट हवेत अर्ध्या टाकीत दव धरतं, झाकणाचं रबर जुनं असेल तर पाऊसही आत उतरतो, आणि पाणी जड म्हणून तळाशी बसतं. तेव्हा प्रत्येक टाकीच्या बुडातून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढायचं आणि तळाशी पाण्याचा मणी फिरतोय का ते पाहायचं. गणपतीनंतर पाऊस उघडला तेव्हा मी पेला भरला, उजेडात धरला. एकसंध, नितळ, मण्याचं नाव नाही. मी आनंदानं फोन लावला.

"अगदी स्वच्छ आहे रे! बिसलेरीसारखं!"

पलीकडे बराच वेळ शांतता.

"भावोजी, निळं आहे का?"

निळं नव्हतं. पेलाभर शुद्ध पाणी होतं. त्यात पेट्रोलच नसल्यामुळे मणी दिसणार कुठून? निळं येईपर्यंत सात पेले काढले. आईनं नंतरचं निळं काढलेलं स्टोव्हसाठी मागितलं, पण त्यात शिसं असतं म्हटल्यावर तिनं ते विमानालाच लखलाभ म्हटलं.

आता रुमाल. हे मी लिहू नये असं बायकोचं मत आहे.

डाव्या पंखाच्या पुढच्या धारेला एक छोटी फट आहे. वेग फार कमी होऊन विमान खाली बसायच्या बेतात आलं, की त्या फटीतून हवा ओढली जाते आणि आतली पत्ती वाजते. पेटीची असते तशीच पत्ती. वैमानिकाला इशारा. ना वीज, ना बॅटरी. ती वाजते की नाही हे जमिनीवर तपासायची कंपनीच्या पुस्तकात दिलेली रीत अशी: फटीवर स्वच्छ रुमाल धरायचा, त्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा.

विमान आलं तेव्हा ते बघायला पंचक्रोशी लोटली होती. महिनाभरात गर्दी ओसरली. मग एका सकाळी कुणीतरी मला स्टुलावर चढून, डोळे मिटून, रुमालाआडून पंखाला ओठ लावताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गर्दी पुन्हा सुरू झाली. पत्ती नीट वाजायला दम लागतो. मी गाल आत घेऊन ओढतो तेव्हा विमानाच्या आतून "पेंऽऽ" असा करुण आवाज येतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. आमचे भजनीबुवा एकदा मुद्दाम ऐकायला आले. मान तिरकी करून दोनदा वाजवायला लावली.

"काळी एकात आसा," ते म्हणाले. "पण सूर जरा उतरलेलो."

पन्नास तास उड्डाण झालं की इंजिनियरसाहेब येतात. मुंबईहून कोकणकन्येनं पहाटे उतरतात, चहा घेत नाहीत, थेट इंजिनाचं झाकण उघडतात. मी धुवावं, पुसावं, ढकलावं. पाना लावून कागदावर सही करायचा हक्क त्यांचा. जवळजवळ सहा लिटर काळं तेल काढतात, फिल्टर कापतात आणि त्यातला कागद साडीच्या निऱ्या उलगडाव्यात तसा उन्हात उलगडून बघतात. चमकलं, तर आत काहीतरी झिजतंय. सिलिंडर चार, पण प्लग आठ, एकाला दोन. खालच्या प्लगांतून ते सुईनं मोहरीएवढे करडे मणी टोकरून काढतात. हेच ते पेट्रोलातलं शिसं. मग पंख्याच्या धारेवरून नख फिरवत जातात. सड्यावरचा एखादा खडा उडून टिचका पडला असेल तर तिथूनच पुढं चीर जाते, म्हणून कानशीनं घासून गुळगुळीत करतात, आणि घासताना माझ्याकडे बघतात. त्यांच्या त्या बघण्यामुळे मी रोज सकाळी खराटा घेऊन जातो. गावातल्या बायका अंगणात सडा घालतात, मी सडा झाडतो.

पावसाळ्यात विमान उडत नाही तर रोज दहा मिनिटं चालू करून ठेवू का, असं मी त्यांना विचारलं होतं. आमची स्कूटर मी तशीच जगवली. ते म्हणाले, त्यानं नुकसानच जास्त. उभ्या उभ्या इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, तेलात पाणी साचतं. उडवा नाहीतर गप्प राहा. गप्प राहण्यात काही कमीपणा नाही. जुहूचं मैदान पावसात पाण्याखाली जायचं म्हणून टाटांची सुरुवातीची टपाली विमानंसुद्धा पावसाळ्यात पुण्याला जाऊन राहायची.

दसऱ्याला आईनं विमानाची पूजा करायचं ठरवलं. पंख्यावर हार नको, असं मी बजावून ठेवलं होतं. तिनं ऐकलं. तिला पंखाखाली अगदी हारासाठीच केल्यासारखी एक खुंटी दिसली. टोपी काढून बाजूला ठेवली, झेंडूचा हार घातला आणि खुंटीच्या तोंडाला कुंकवाचं बोट लावलं. इंजिनियरसाहेब पुढच्याच आठवड्यात आले. त्यांनी त्या कुंकवाकडे इतका वेळ पाहिलं की मी आपणहून चहाचं विचारलं, आणि त्या दिवशी त्यांनी तो घेतला.

मागच्या रविवारी मेव्हणा म्हणाला, "भावोजी, बसा. आज तुम्हाला फिरवतो."

बसलो. चढलो त्याआधी टेप काढल्याचं दोनदा पाहिलं, टोपी खिशात घातली आणि तिन्ही दोऱ्या सोडल्या. वर गेल्यावर मेव्हणा दाखवत होता, ही खाडी, ती बंदराची भिंत, ते आपलं घर. मी डाव्या पंखाखालच्या नळीकडे बघत होतो. उतरताना धावपट्टी वर येऊ लागली, इंजिनाचा आवाज पडला, नाक हळूहळू उचललं, चाकं टेकायला हातभर राहिली असतील, आणि कुणीही रुमाल न लावता पंखात पत्ती वाजली.

"पेंऽऽ!"

माझे गाल आपोआप आत गेले. सूर अजून उतरलेलाच होता.