रुसलेली सूर्यदेवी आणि पालथं पिंप

जपानच्या शिंतो धर्माचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं. ‘म्हणजे आपलंच की! आपले तेहतीस कोटी, त्यांचे ऐंशी लाख.’ मीही हेच म्हणत फिरायचो. आता जीभ अडखळते.

ऐंशी लाख हा नुसता शब्दाचा हिशेब, अर्थ ‘अगणित’. डोंगर, धबधबा, जुनं झाड, एखादा मेलेला माणूसही ‘कामी’, म्हणजे देव, होतो. नारा प्रांतातल्या मिवा डोंगरापाशी देऊळ आहे, पण त्याला गाभारा नाही. डोंगरच देव, मग त्याला कोंडणार कशात? संस्थापक नाही, एकच एक पोथी नाही. कथा मिळतात त्या 712 सालच्या ‘कोजिकी’त आणि 720 च्या ‘निहोन शोकी’त. दोन्ही दरबारी कामं, राजघराण्याचं मूळ थेट सूर्यदेवीला नेऊन भिडवणारी. तेवढं लक्षात ठेवूनच वाचायचं.

तरी त्या सूर्यदेवीची, अमातेरासूची गोष्ट वाचाच. तिचा भाऊ सुसानोओ तिच्या भातखाचरांचे बांध फोडतो, पाट बुजवतो, वर विणकामघराचं छप्पर फोडून सोललेला घोडा आत टाकतो. (बांधावरून भांडणं काय फक्त आपल्याच गावात होतात?) ती गुहेत जाऊन बसते. सगळीकडे अंधार. मग उझुमे नावाची देवी पिंप पालथं घालते, त्यावर पाय आपटत बेभान नाचते, अंगावरचे कपडेही सुटतात. देवांचा असा हशा उसळतो की अमातेरासू दार किलकिलं करते: मी नसताना हसताय कशाला? ‘तुझ्याहून थोर देवी आलीय,’ म्हणत समोर आरसा धरतात. ती डोकावते, दबा धरून बसलेला देव तिचा हात धरून ओढतो, आणि मागे लगेच दोर बांधून टाकतात.

ना शाप, ना वर, ना वध. रुसलेल्या सूर्याला हसून बाहेर काढलं. आपल्या पुराणांच्या सवयीने वाचलं तर हे निसटतं, म्हणून ते ‘आपलंच की’ मला खटकतं.

खरा धागा हवाच असेल तर बेंझाइतेन आहे. ती आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेली, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. पण 1868 मध्ये मेइजी सम्राटाच्या सरकारने बौद्ध आणि शिंतो अलग केले, तेव्हा काही ठिकाणी तिलाही जागा सोडावी लागली.

आणि तो आरसा? इसे शहरातल्या अमातेरासूच्या देवळात आहे म्हणतात. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर ते देऊळ नव्याने बांधतात. मागचं 2013 मध्ये झालं, पुढचं 2033 मध्ये. आरसा मात्र कुणाला दाखवत नाहीत. लोक पांढऱ्या पडद्यासमोर दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात, परत एकदा वाकतात आणि निघतात.