अकरा दिवसांची चूक आमची, बॅटरीची नाही

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल दुकान उघडल्याउघडल्या आधी तुमचं बिल आणि वॉरंटीची नोंद काढली, काउंटरवरच्या मुलाला समोर बसवलं आणि मगच हे लिहायला घेतलं. उत्तर थोडं लांबणार आहे. दोन ओळींत "आम्ही दिलगीर आहोत, कृपया संपर्क साधा" असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण तसली उत्तरं वाचून मलाच चीड येते.

तुमच्या तक्रारी तीन. लॅपटॉप घेताना आम्ही तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी न देता दरवर्षी रिन्यू करायची वॉरंटी गळ्यात मारली. दुसऱ्या वर्षानंतर रिन्यू करायला गेलात तर "मुदत संपून ११ दिवस झाले" म्हणून कंपनीने नकार दिला, आणि पुढे चार महिन्यांनी मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य बोर्ड) गेला तो तुम्हाला स्वतःच्या खिशातून बदलावा लागला. आणि दुसऱ्या वर्षी वॉरंटी चालू असतानासुद्धा उतरलेली बॅटरी बदलून मिळाली नाही.

मधल्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण तिथे चूक सरळ आमची आहे.

कंपनी मुदत संपायच्या आधी मेल पाठवते: ६० दिवस, ३० दिवस आणि ७ दिवस आधी. तुम्हाला एकही आला नाही असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, कारण तिन्ही मेल आमच्याकडे आलेत. रजिस्ट्रेशन करताना आमच्या मुलाने तुमच्या मेल आयडीच्या जागी दुकानाचा टाकला होता. ही या धंद्यातली जुनी वाईट सवय आहे. ग्राहक घाईत असतो, आयडीचं स्पेलिंग विचारायचा कंटाळा येतो, ओटीपी लवकर मिळतो, म्हणून काउंटरवाला स्वतःचा आयडी टाकून काम उरकतो. मग त्या मेलबॉक्समध्ये रोज पन्नास ऑफर्सचे मेल पडतात आणि तुमचे तीन त्यांच्याखाली गाडले जातात. काल मी ते शोधून काढले. एकही उघडलेला नव्हता.

वार्षिक वॉरंटीचा सगळा जीव तारखेत असतो. चालू मुदत संपायच्या आत रिन्यू केली तर बहुतेक ठिकाणी कुणी मशीन बघायलाही मागत नाही. एकदा मुदत तुटली की कंपनीला शंका येते, की बिघाड झाल्यावरच हा माणूस धावत आलाय. मग कुठे मशीन तपासून घेतात, कुठे जादा पैसे लावतात, कुठे थेट नाही म्हणतात. तुम्हाला आम्ही वार्षिक वॉरंटी सुचवली पण ही अट ठसवून सांगितली नाही, आणि आठवणीचा मेलही अडवून ठेवला. म्हणजे दोन्हीकडून आम्हीच.

त्यामुळे हिशेब असा करतोय. वेळेत रिन्यू झालं असतं तर तिसऱ्या वर्षी तुमच्या खिशातून फक्त रिन्यूअलची रक्कम गेली असती. तेव्हा मदरबोर्ड आणि मजुरी मिळून जे बिल झालं, त्यातून ती रक्कम वजा करून बाकी सगळे पैसे आम्ही परत देणार. माझ्या पार्टनरला हे पटलेलं नाही. त्याच्या मते फक्त मजुरीचे पैसे द्यावेत आणि विषय संपवावा. पण मेल आमच्या इनबॉक्समध्ये सापडलेत, त्याला मी काय करू?

आता पहिली तक्रार. इथे मी थोडा भांडणार आहे.

आम्ही वार्षिक प्लॅन "जास्त कमाईसाठी" दिला असं तुम्ही म्हणता. उलट आहे, मॅडम. तीन वर्षांचा प्लॅन विकला की आमचं कमिशन एकरकमी आणि मोठं असतं. वार्षिकमध्ये ग्राहक पुढच्या वर्षी आमच्याकडे परत येईल की नाही याचीच खात्री नसते. तुम्हाला वार्षिक सुचवायचं कारण तुम्हीच दिलं होतं. नोकरीची बोलणी चालू आहेत, झालं तर वर्ष-दोन वर्षांत ऑफिसचा लॅपटॉप मिळेल आणि हा विकून टाकू, असं तुम्ही म्हणाला होतात. हे मला आठवतं, कारण त्यावरूनच मी आकडे मांडून दाखवले होते. तेच पुन्हा मांडतो, म्हणजे हा रिव्ह्यू वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, जी अर्ध्या लोकांना कुणी सांगत नाही. "तीन वर्षांची वॉरंटी" म्हणजे बहुतेक वेळा खरेदीच्या तारखेपासून तीन वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष कंपनीचं आधीपासूनच असतं. म्हणजे पैसे तुम्ही दोनच वर्षांचे मोजता. दुकानदार बोटं तीन दाखवतो. त्यामुळे किंमत तीनने भागून "वर्षाला एवढेच पडतात" असं कुणी सांगितलं तर त्याला दोनने भागायला लावा.

आता समजा, दुसऱ्या वर्षाची वार्षिक वॉरंटी १०० ला पडते. तिसऱ्या वर्षी मशीन जुनं झालं म्हणून तीच १२५ ला. आणि सुरुवातीलाच दोन्ही वर्षं एकत्र घेतली तर १७०. (आकडे केवळ समजायला घेतलेत, प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात.) मशीन तीन वर्षं वापरलं तर वार्षिकमध्ये २२५ गेले, एकत्रमध्ये १७०. दोन वर्षांत विकलं तर वार्षिकमध्ये १०० गेले आणि एकत्रमध्ये तरीही १७०. म्हणजे तिसऱ्या वर्षी हे मशीन आपल्याकडे असेल याची खात्री निम्म्यापेक्षा थोडी जास्त असेल, तर एकत्र घेणं बरं. नाहीतर दरवर्षी घ्यावं. तुमच्या बोलण्यावरून तेव्हा मला ती खात्री निम्म्याहून कमी वाटली. नोकरीचं पुढे जमलं नाही आणि मशीन तुमच्याकडेच राहिलं, हे नंतर कळलं. त्या दिवशीच्या माहितीवर मी आजही तोच सल्ला दिला असता.

मात्र एक गोष्ट तेव्हा मी पुरेशी तोलली नाही, हे कबूल. तुमचं मॉडेल पातळ, हलकं, ज्यात रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. अशा मशीनमध्ये एक रॅमची चिप गेली तरी नुसती रॅम सहज बदलता येत नाही, बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. जुन्या जाड लॅपटॉपमध्ये हेच काम स्क्रू काढून पाच मिनिटांत व्हायचं. तेव्हा सोल्डर केलेलं पातळ मशीन, त्यावरच पोटापाण्याचं काम, आणि बिघडलं तर हाताशी दुसरं मशीन नाही, अशा माणसाला मी आता एकत्र प्लॅनकडेच ढकलतो. थोडे पैसे वाया गेले तरी चालतील. तुम्ही त्या दिवशी अकाउंट्सचं काम घरून करता हेही सांगितलं होतं. ते मी ऐकलं आणि नोकरीच्या गोष्टीत विसरलो.

दुसरी बाजूही आहे. जिथे लॅपटॉप डेस्कवरून हलत नाही आणि मालकाला दोन वर्षांनी नवं मॉडेल हवंच असतं, तिथे तीन वर्षांचा प्लॅन म्हणजे पुढच्या मालकाला दिलेली भेट. तीसुद्धा प्लॅन नावावरून नावावर होत असेल तरच. घेताना हे दोन प्रश्न विचाराच: ट्रान्स्फर होतो का, आणि मध्येच बंद केला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का? आणि प्लॅन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा आहे की तिसऱ्याच कुणाचा, हेही बघा. एकत्र प्लॅन म्हणजे आज पैसे देऊन तीन वर्षांपुढचा शब्द विकत घेणं. शब्द देणारा तेव्हा दुकान मांडून बसलेला असायला हवा.

चौथ्या-पाचव्या वर्षाचं विचाराल तर माझं मत, फार ओढू नका. बऱ्याच कंपन्या त्या वयाच्या पुढे प्लॅनच देत नाहीत. अ‍ॅपल तर मॉडेलची विक्री बंद झाल्यावर पाच वर्षांनी त्याला व्हिंटेज म्हणतं, सात वर्षांनी ऑब्सोलिट, म्हणजे सुटे भाग मिळण्याचीच मारामार. शिवाय हार्डवेअर ठणठणीत असूनही मशीन म्हातारं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारी कितीतरी चांगली मशीनं लोकांनी आमच्या टेबलावर आणून ठेवली. त्यावर कुठलीच वॉरंटी चालत नाही.

राहिली बॅटरी. इथे तुमचा राग समजतो, पण चूक ना आमची, ना कंपनीची. एक्स्टेंडेड वॉरंटी वार्षिक असो की तीन वर्षांची, ती सहसा दोषासाठी असते, झिजेसाठी नसते. लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासून झिजत असते. साधारण ३०० ते ५०० चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरून होणं) क्षमता मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत येणं नेहमीचं आहे. काही नव्या मशीनमध्ये हा आकडा १००० पर्यंत जातो. तुमच्या बॅटरीचे तपासणीच्या दिवशी ६१२ सायकल झाले होते. म्हणून बऱ्याच कंपन्या लॅपटॉपला तीन वर्षं देतात तेव्हाही बॅटरीला एकच वर्ष लिहितात, आणि तेही बारीक अक्षरात. तुम्ही त्या दिवशी तीन वर्षांचा प्लॅन घेतला असतात तरी बॅटरीचं उत्तर हेच मिळालं असतं.

विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसते. दिवसभर चार्जरला लावून काम करत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये असते, ती चालू करा. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आला, तर मात्र वॉरंटीचा विचार न करता मशीन बंद करून लगेच आणा. ती गोष्ट वेगळी आणि धोक्याची.

(पाणी सांडणं, पडणं, स्क्रीन तडकणं यांचाही एक्स्टेंडेड वॉरंटीशी सहसा संबंध नसतो. त्याला बहुतेक वेळा अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुमचा प्रश्न तो नव्हता, पण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ओला कीबोर्ड घेऊन वॉरंटी कार्ड दाखवतं, म्हणून लिहून ठेवलं.)

कालपासून आमच्याकडे रजिस्ट्रेशन ग्राहकाच्याच मेलवर आणि मोबाईलवर होतंय, ओटीपीला दहा मिनिटं लागली तरी. आमच्या आयडीवर अडकलेल्या जुन्या नोंदींपैकी ज्यांची मुदत अजून चालू आहे त्या सगळ्यांना एकेक करून फोन करतोय. आज दुपारपर्यंत २३ झाले. त्यातल्या दोघांची मुदत याच महिन्यात संपणार होती.

तुम्ही येताना मदरबोर्डचं बिल घेऊन या. ते काम तुम्ही दुसरीकडे करून घेतलंय हे मला माहीत आहे, त्यामुळे आमच्या सिस्टममध्ये सापडणार नाही. बिल नसेल तर मशीन आणा. नव्या बोर्डावरचा नंबर बघून त्या महिन्याची बोर्डाची किंमत आणि नेहमीची मजुरी धरू. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही. पैसे हातात पडल्यावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.