कागद, पाक आणि दोन राण्या: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मधमाश्यांची अशक्त वसाहत रेटत बसण्यापेक्षा ती दुसऱ्या वसाहतीत जोडावी, मधे वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि जोडण्याआधी एक राणी काढून टाकावी. त्यावर तुमचे तीन आक्षेप. कागद हे उगाचचं नाटक आहे, तुम्ही वर्षानुवर्षं साखरेचा पाक शिंपडून दहा मिनिटांत पेट्या जोडता. राणी आपण मारणं हा अडाणीपणा आहे, माशांना ठरवू द्यावं, 'जी सरस ती उरेल'. आणि तिसरा, 'दोन मरतुकड्या मिळून एक धडधाकट होत नाही, लेखकाने हे गणित कुठे शिकलं?'

गणित नीट मांडायला हवं होतं, हे कबूल. मोठ्या वसाहतीचा फायदा खरा आहे. अळ्यांभोवती ३४–३५ अंश सेल्सिअस तापमान राखायला, त्यांना भरवायला, दाराशी पहारा द्यायला काही माशा घरात लागतातच, मग वसाहत केवढीही असो. लहान वसाहतीत जवळजवळ सगळ्या त्यातच अडकतात. म्हणून ३० हजार माशांची एक वसाहत १५ हजारांच्या दोन वसाहतींच्या बेरजेपेक्षा जास्त मध आणते. अमेरिकन मधमाशी-संशोधक फॅरर यांनी १९३७ साली हे मोजून दाखवलं होतं. पण हे झालं संख्येचं. दोन्ही पेट्यांत राण्या थकलेल्या, नवी अंडी तुरळक आणि उरलेल्या माशा केस झडलेल्या, पंखांच्या कडा फाटलेल्या असतील, तर जोडून काय मिळतं? वृद्धाश्रम. हंगामात कामकरी माशी सहा आठवडे जगते. त्या जातील आणि मागून येणारं कोणी नसेल. जोड द्यायची ती चांगल्या राणीच्या वसाहतीला. हे वाक्य लेखात पहिलं हवं होतं, ते नव्हतंच.

आणि अशक्त का झाली, हे न पाहता जोडणं तर त्याहून वाईट. पोळ्यातल्या झाकलेल्या घरांची मेणाची टोपणं खचलेली, भोकं पडलेली दिसली तर काडेपेटीची काडी आत घालून हळूच वर ओढा. तपकिरी, चिकट तार निघाली तर ते अमेरिकन फाउलब्रूड, अळ्या कुजवणारा जिवाणूंचा रोग. त्याचे बीजाणू पोळ्यात दशकानुदशकं टिकतात. अशी वसाहत दुसरीवर ठेवणं म्हणजे चांगली पेटी हाताने बुडवणं. सातेरीत, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीत, अळी पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी उचलून येते, तो थाई सॅकब्रूड हा विषाणूंचा रोग. तीही जोडायची नाही. (सातेरी आणि मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय माशी, एकमेकींत जोडता येतात का, असं एकाने मला विचारलं होतं. नाही. त्या दोन वेगळ्या जाती आहेत.)

आता पाक. तुमचं दहा मिनिटांत काम होतं यावर माझा विश्वास आहे. मीही तसं केलंय. पण ते का चालतं हे पाहिलं की कधी चालणार नाही हेही कळतं. पहारेकरी माशी परकीला अंगावरच्या वासाने ओळखते, आणि तो वास बराचसा घरच्या मेणातून लागलेला असतो. पाकाने तो वास बदलत नाही. माशा भिजतात, एकमेकींना चाटत बसतात आणि त्या गडबडीत भांडण मागे पडतं. चाटून होईपर्यंत वास मिसळलेला असतो. फुलोरा भरात असेल, तेव्हा हे छान चालतं. तेव्हा पोटात मध घेऊन आलेल्या परक्या माशीलाही पहारेकरी फारसं अडवत नाहीत. पण टंचाईच्या काळात पेटी उघडून पाक शिंपडा आणि पाहा. पंधरा मिनिटांत शेजारच्या पेट्यांच्या माशा फटींपाशी घिरट्या घालू लागतात आणि जोडणं बाजूला राहून लुटालूट सुरू होते. शिवाय उघड्या अळ्यांवर पाक पडला की त्या गारठतात. आणि जोडण्याची वेळ बहुतेकदा टंचाईच्या तोंडावरच येते. म्हणून नवख्या माणसाला मी कागदच सांगतो.

कागदाला तुम्ही नाटक म्हणता, तर त्या नाटकात काय घडतं ते सांगतो. खालच्या कोठीवर, म्हणजे पोळ्यांच्या चौकटींच्या खोक्यावर, एकच पान अंथरायचं, गुळगुळीत छपाईचं नको, सुईने पाच-सहा भोकं पाडायची आणि वर दुसरी कोठी बसवायची. दुसऱ्या दिवशी दारासमोर पाहिलंत तर कापूस पिंजल्यासारखा करड्या कागदाचा भुसा पडलेला दिसतो. माशा दोन्ही बाजूंनी कागद कुरतडतात, आधी वास मिसळतो, मग माशा. एक ते तीन दिवसांत वाट होते. आठवडाभर पेटी उघडायची नाही.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींनी. वरच्या चौकटींच्या खालच्या पट्टीला लोंबणारं मेण खरवडलं नाही तर ते कागदात घुसतं, मोठं भगदाड पडतं आणि माशा एकदम खाली उतरून मारामारी सुरू करतात. पोळ्यांची अदलाबदल, राणी शोधणं, सगळं आदल्या दिवशी उरकायचं, कारण कागद घातल्यावर चौकट हलवली की तो फाटलाच. आणखी एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती तुम्हीही काढली नाहीत: वरच्या कोठीला दार नसतं, ती उन्हात असेल तर वरच्या माशा गुदमरून मरतात. वरच्या झाकणाखाली काडीएवढी फट ठेवायची आणि हे काम दिवस मावळताना करायचं.

राणीचा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. 'जी सरस ती उरेल' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण दोन राण्यांच्या झुंजीत जिंकते ती चपळ राणी, जास्त अंडी घालणारी नव्हे. अंड्यांनी जड झालेली, तुमच्या कामाची राणी नुकत्याच निघालेल्या हडकुळ्या कुमारी राणीपुढे हरू शकते. कित्येकदा झुंजच होत नाही, कामकरी माशाच परक्या राणीभोवती गोळा करून तिला संपवतात. जी उरते ती जखमी असू शकते. यात निवड कुठली आली?

हे मी पुस्तकी सांगत नाही. एका पेटीत दोन तपासण्यांत मला अंडी दिसली नाहीत, अळ्या नाहीत, राणी नाही. बिनराणीची समजून ती कागद घालून माझ्या सगळ्यात चांगल्या वसाहतीवर ठेवली. आठव्या दिवशी दारासमोरच्या मेलेल्या माशांत पाठीवर पांढरा ठिपका असलेली एक लांबट माशी पडली होती. तो ठिपका मीच लावला होता. आत पोळ्यावर एक लहानशी, काळपट राणी उजेड चुकवत धावत होती. ती पेटी बिनराणीची नव्हतीच. राणी गेल्यावर माशा लहान अळ्यांपासून नवी वाढवतात. मेलिफेरात अंड्यापासून राणी बाहेर पडायला १६ दिवस लागतात, त्यानंतर तिचं वयात येणं, मीलनाची उड्डाणं आणि पहिलं अंडं. म्हणजे जवळजवळ महिनाभर पेटी बिनराणीची वाटते आणि आत राणी असते. तेव्हापासून मी संशयित पेटीत अंडी असलेलं एक पोळं दुसरीकडून आणून ठेवतो. दोन-तीन दिवसांत त्यावर राणीघरं बांधायला घेतली तर राणी खरंच नाही. तीही राणीघरं जोडण्याआधी मोडायची.

राणी मारणं जिवावर येतं, हे मात्र समजू शकतो. मारायलाच हवी असं नाही. नकोशी राणी दोन चौकटींवर एका लहान पेटीत राखीव ठेवा. जोडणी बसली, नव्या घरात अंडी दिसली की मग तिचं काय ते ठरवा. जोडलेल्या पेटीतल्या राणीला पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात ठेवलं तर धोका आणखी कमी.

तुम्ही जाता जाता विचारलंय की कामकरी माशाच अंडी घालू लागलेली पेटी जोडायची का. एका घरात तीन-चार अंडी, भिंतींना चिकटलेली, आणि बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर टोपणं दिसत असतील, तर ती अशक्त वसाहतीवर अजिबात नको, तिथली राणी मारली जाईल. एक तर दर आठवड्याला उघड्या अळ्यांचं एक पोळं, असं तीन आठवडे द्या. अळ्यांच्या वासाने त्या माशांची अंडी बंद होतात. नाहीतर माशा भरभक्कम वसाहतींसमोर झटकून द्या. अंडी घालणाऱ्या माशांना उडता येत नाही, त्या मागे गवतात राहतात, हे मात्र खरं नाही. त्या येतातच. मोठ्या घरात त्यांचं काही चालत नाही, एवढंच.

वेळेबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिथेही माझा लेख मोघम होता. अंड्यापासून माशी व्हायला २१ दिवस आणि ती फुलांवर जायला आणखी साधारण तीन आठवडे. म्हणजे जोडल्यानंतरची अंडी कामाला येतात सहा आठवड्यांनी. मधासाठी जोडत असाल तर फुलोऱ्याच्या सहा आठवडे आधी, नाहीतर अगदी तोंडावर, तयार माशांची फौज म्हणून. मधल्या काळात जोडलं तर फौज वयात येईपर्यंत फुलं झडलेली असतात.

आणि पेट्या लांब असतील तर रोज दोन-तीन फूट सरकवत जवळ आणा. जोडल्यावर जुन्या जागेवर रिकामी पेटी, झाकण, काहीही ठेवू नका. मी एकदा नुसता लाकडी स्टँड विसरलो होतो. संध्याकाळी त्याच्या एका पायाला मूठभर माशा लटकलेल्या होत्या, दार शोधत.